हा आरडाओरडा नव्हे

प्रिय ताई,

गेल्या पत्रात तू लिहिलंस, की हार्डकोर पंक म्हणजे एकसुरी आरडाओरडा, दोन गाण्यांतच कान बधिर होतात. बऱ्याच बँडांबाबत मला हे मान्य आहे. म्हणूनच रिफ्यूज्ड या स्वीडिश बँडचा ‘द शेप ऑफ पंक टू कम’ हा १९९८चा अल्बम तू ऐकावास असं फार वाटतं. तुझी तक्रार त्या पोरांचीही होती, तीही स्वतःच्याच संगीताबद्दल.

उमेओ हे उत्तर स्वीडनमधलं विद्यापीठाचं गाव. नव्वदच्या दशकात तिथे हार्डकोरचं मोठं वारं होतं. दारू नाही, मांस नाही, राजकारण कडवं डावं. रिफ्यूज्ड त्यातलेच. पण व्यवस्था उलथवायची भाषा करणारं गाणं स्वतः मात्र ठरलेल्या साच्यातच वाजत राहिलं, तर त्या भाषेला अर्थ काय, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. अल्बमचं नावही त्यांनी ऑर्नेट कोलमनच्या १९५९च्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’वरून घेतलं. जॅझची चौकट मोडणाऱ्या माणसाशी त्यांनी असं उघड नातं सांगितलं.

यातल्या ‘न्यू नॉइज’ या गाण्याची सुरुवात नीट ऐक. तारा तळव्याने दाबून वाजवलेली एकटी गिटार तोच तुकडा पुन्हा पुन्हा घेते. मग ड्रम येतात, ताण चढत जातो आणि आता स्फोट होणार असं वाटतं तेवढ्यात सगळं थांबतं. मध्येच इलेक्ट्रॉनिक ठोक्यांचा एक पातळ तुकडा येतो. त्यानंतर गायक डेनिस लिक्सेन ओरडतो. तोवर आपण त्या ओरडण्याची वाटच पाहू लागलेले असतो, त्यामुळे ते अंगावर येत नाही, हवंहवंसं वाटतं. तुमच्या ख्यालात विलंबितातून द्रुतापर्यंत पायरी पायरीने चढत जातात. इथे मधल्या पायऱ्याच काढून टाकल्या आहेत, आणि ती उडी हाच गाण्याचा मुद्दा आहे.

‘लिबरेशन फ्रीक्वेन्सी’त तोच गायक इतक्या हळुवार स्वरात सुरू करतो, की बँड बदलला की काय असं वाटावं, आणि मग किंकाळी येते. ‘द डेडली रिदम’मध्ये मारधाडीच्या मधोमध जॅझच्या चालीने डबल बास चालू लागतो. ‘टानहॉयझर’ व्हायोलिनने उघडतं आणि आठेक मिनिटांत विलापापासून संतापापर्यंत पोचतं. आणि शेवटचं गाणं अगदी साधं, अकूस्टिक. एवढ्या गदारोळानंतर ओरडण्याचा मोह टाळायलाही धैर्य लागतं.

मला या अल्बमचं मोल वाटतं ते इथेच. हळू आणि जोरात, व्हायोलिन आणि फाटक्या आवाजाची गिटार हे चमत्कृतीसाठी शेजारी ठेवलेले नाहीत. हळू गाता येत असताना माणूस ओरडतो, तेव्हा ते ओरडणं सवय उरत नाही, निवड ठरते. हे एकदा कळलं की त्यातला राग खरा वाटू लागतो.

बँडला मात्र याचं सुख लाभलं नाही. १९९८च्या ऑक्टोबरमध्ये, अल्बम बाजारात येण्याच्या सुमारासच, अमेरिकेच्या दौऱ्यात ते फुटले. व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गमध्ये एका घराच्या तळघरात त्यांचा शेवटचा कार्यक्रम चालू होता, तोही पोलिसांनी बंद पाडला. अल्बमची कीर्ती पसरली ती नंतर, वर्षानुवर्षं, ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगत. २०१२ साली ते पुन्हा एकत्र आले, तेव्हा या गाण्यांसाठी मोठमोठे जमाव उभे होते.

तू एक कर. सुटी गाणी निवडू नकोस, क्रम मोडू नकोस, आवाजही कमीजास्त करू नकोस. तो चढउतार त्यांनी विचारपूर्वक बांधला आहे. एवढं करूनही नाही आवडलं, तर खुशाल तसं लिही. पण कुठल्या जागी मन उठलं ते सांग, म्हणजे नीट भांडता येईल.

तुझा,
अभय