अमावास्या, तंबू आणि चार मुठी

“तंबूत झोपायला पैसे मोजायचे?” बाबांचा पहिला प्रश्न. “आणि तेही अमावास्येला?” आईचा दुसरा.

तिचंही बरोबर होतं. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. सकाळी आमच्या न्यू जर्सीच्या किचनमध्ये कणकेचे दिवे लावून निघालो आणि पोचलो कुठे, तर रात्री दिवा लावायचाच नाही अशा जागी!

पेनसिल्व्हेनियातलं चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्क. आकार जेमतेम ८२ एकर, पण चहूबाजूंनी सरकारी जंगल, उंची २,३०० फूट आणि जवळपास मोठं शहर नाही. इथल्या गडद अंधारामुळेच २००८मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. चांदण्यांचे वेडे अमावास्या धरूनच येतात.

कॅम्पग्राउंड एकदम साधं. शॉवर नाही, फोनला रेंज नाही. तंबू उभारताना मी आणि नवरा दोनदा भांडलो. शेवटी बाबांनीच शांतपणे दोर ताणून खुंट्या ठोकल्या. जंगलात अस्वलं आहेत, त्यामुळे खाण्याचं सगळं रात्री गाडीत. आईने थालीपिठांचा डबा आत ठेवला आणि दार दोनदा ओढून बघितलं.

खरं सांगू? ही ट्रिप बाबांसाठी होती. दीड महिना ते आमच्याकडे होते आणि मी आपली ऑफिस, लॅपटॉप, कॉल्समध्ये. “जेवलात का?”च्या पलीकडे बोलणंच नाही.

रात्री साडेदहाला मैदानावर गेलो. इथे फक्त लाल टॉर्च चालतो. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती मेहनत क्षणात वाया जाते. माहीत होतं सगळं. तरी हात सवयीने खिशात गेलाच, फोन पेटला. अंधारातून दोन-तीन ओरडे आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन स्विच ऑफ.

थोड्या वेळाने वाटलं, ढग आले. ढग नव्हे, आकाशगंगा होती ती!

आणि बाबा बोलायला लागले. “ती लाल ज्येष्ठा. डोक्यावर अभिजित.” लहानपणी गावी अंगणात झोपताना आजोबांनी शिकवलेलं. मला कसं कधी सांगितलं नाही? “पुण्यात दाखवणार काय? आणि तुला वेळ कधी होता?” अगदी सहज म्हणाले. लागलं.

मग ते थबकले. “ध्रुव एवढा वर?”

माझ्या सहा वर्षांच्या लेकीला त्यांनी हात लांब करून मूठ धरायला शिकवलं. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. इथे ध्रुव क्षितिजापासून चार मुठी वर, पुण्यात दोनही भरत नाहीत. जागेचा जेवढा अक्षांश, तेवढीच ध्रुवाची उंची.

“म्हणजे आजोबा, तुमचं घर दोन मुठी लांब?”

“हो गं. दोनच.”

बाबा आता पुण्यात आहेत. परवा फोन आला, “ध्रुव शोधला. पण समोरच्या बिल्डिंगच्या टाकीआड आहे.” या वेळी मी फोन लगेच ठेवला नाही.

जायचं असेल तर : एडिसनहून गाडीने साधारण पाच तास. अमावास्येच्या आसपासचं बुकिंग खूप आधी करा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. सरपण घरून नेऊ नका, तिथेच जवळपास विकत घ्या; लाकडातून कीड जंगलात पसरते. आणि उन्हाळा असला तरी स्वेटर हवाच!