पुण्याचा सूर्यास्त

आमच्या घरात दिवेलागणीचा हुकूम वर्षानुवर्षं सासूबाईंचा. त्यांनी 'लाव गं आता' म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. त्याआधी सगळ्यांची जेवणं उरकलेली असायची, चूल झाकलेली, पाण्याचा शेवटचा घोट घेऊन चूळ भरलेली. मी लग्न होऊन बसवकल्याणला आले तेव्हा बी.ए. झालेली, माहेरी थोडी सैल वाढलेली. पहिल्या वर्षी मला वाटायचं, दिवस मावळायच्या आत जेवण आणण्यासाठी ह्या बाई घड्याळ का बघत नाहीत? त्या बघायच्या ते आभाळ. ढग असले तर उंबऱ्यात उभ्या राहून तळहात पुढे धरायच्या. हातावरच्या रेषा स्पष्ट दिसतात तोवर ताटावर बसायचं. पुसट व्हायला लागल्या की ताट उचलायचं. ही आमच्या घरची रीत.

गेल्या अक्षय्य तृतीयेला मुलगा पुण्याहून आला आणि घरात स्मार्ट स्विच आले.

निमित्त सासूबाईंचंच. वय चौऱ्याऐंशी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा तसाच. गुडघे म्हणाल तर उठताना दोनदा णमोकार म्हणावा लागतो. रात्री उठल्या की खोलीतून चौक ओलांडून मोरीकडे जायचं आणि दिव्याचं बटण नेमकं पलंगापासून लांब, दाराजवळ. दोन वेळा पाय अडखळला. मी म्हणायची, हाक मारा. त्या म्हणायच्या, "तू दिवसभर राबायलीस, रात्री कशाला उठवू?" मुलाने हे ऐकलं आणि ऑनलाइन डबाच मागवला.

पहिल्यांदा त्याने काचेचे, नुसत्या स्पर्शाने चालणारे बोर्ड दाखवले. दिसायला फार देखणे. पण मी हट्टाने नको म्हटलं. अंधारात बटण डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधतात. गुळगुळीत काचेवर आत्याबाईंची बोटं काय शोधणार? मग त्याने दुसरा प्रकार काढला. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, जुन्या बटणाच्या मागे भिंतीत बसते. बटण तेच राहतं, खटका तोच. वर मोबाईलवरूनही चालतं. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय असं कळतही नाही. हे मला पटलं.

वायरमन आमचा नेहमीचाच. तीस वर्षं आमचे फ्यूज त्यानेच बांधले. बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि मान हलवली. "अम्मा, फेज है, न्यूट्रल नै है इसमें."

मला वाटलं, झालं, पैसे पाण्यात. पण त्याने समजावून सांगितलं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, म्हणून इथे लिहिते. साधं बटण म्हणजे वाटेतलं फाटक. वीज आणणारी तार तिथे तुटते किंवा जुळते, एवढंच. बटणाला स्वतःला वीज लागत नाही. म्हणून जुन्या घरात बोर्डापर्यंत नुसती फेजची तार आणायचे आणि परतीची, म्हणजे न्यूट्रलची, तार वरूनच दिव्याला द्यायचे. हे नवं बटण मात्र रात्रंदिवस जागं राहतं, कधी निरोप येईल म्हणून कान देऊन बसतं. जागं राहायचं तर त्याला थोडी वीज हवी आणि वीज आली की तिला परतीची वाट हवी. आमच्या घरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग. दोन दिवस पट्ट्या उघडून त्याने नऊ बोर्डांना न्यूट्रल ओढून दिली. गिझर आणि पाण्याची मोटर ह्यांना त्याने हात लावला नाही. एवढा भार ती डबी सोसत नाही म्हणाला. घरी कुणी हे काम काढणार असाल तर आधी बोर्ड उघडून न्यूट्रल आहे का बघून घ्या, मग डबा मागवा. आमची वरात उलटी निघाली. आणि मेन बंद केल्याशिवाय कुणाला बोर्डाला हात लावू देऊ नका.

ह्यांचा आक्षेप वेगळाच. आमचं अडतीचं दुकान, त्यामुळे दाण्यादाण्याचा हिशेब. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये कलबुर्गीला गृहज्योती योजना सुरू झाली तेव्हापासून आमचं बिल शून्य येतं. पण ते दोनशे युनिटांच्या आत आणि आपल्या आधीच्या वर्षाच्या सरासरीवर थोडी वाढ धरून. "एक डबी एक वॅट खाते म्हण. महिन्याला पाऊण युनिट. नऊ डब्यांचे साडेसहा. दिवा न लावता!" मुलगा म्हणाला, "अप्पा, पडवीतला दिवा रात्रभर चालू राहतो, तो वाचेल." ह्यांनी तेही मांडलं. नऊ वॅटचा दिवा, रात्रीचे नऊ तास, महिन्याला अडीच युनिटही भरत नाही. हिशेब ह्यांचाच खरा ठरला. तरी डब्या बसल्या.

आता खरं सांगते, मला ते फार आवडलं. सासूबाईंच्या उशाशी एक छोटं बटण चिकटवलं, ते दाबलं की खोली, चौक आणि मोरी तिन्हीकडचे दिवे मंद लागतात आणि दहा मिनिटांनी आपले आपण विझतात. त्या रात्रीपासून मी निर्धास्त झोपायला लागले. पडवीतल्या दिव्याचं सुख तर आपल्या बायकांनाच कळेल. पावसाळ्यात तो दिवा चुकून रात्रभर राहिला की सकाळी खाली पाकोळ्यांचा आणि किड्यांचा सडा पडलेला असायचा. मऊ कुंच्याने हळूच गोळा करताना जीव कासावीस व्हायचा. आता नऊ वाजता तो आपोआप बंद होतो. गोळा करायचे हात थांबले.

अडचणीही आल्या. एकदा मध्यरात्री वीज गेली आणि दोनच्या सुमारास आली, तेव्हा घरातले सगळे दिवे एकदम लख्ख! मला वाटलं चोरच शिरले. वीज परत आल्यावर 'आधी होतं तसंच राहा' असं त्याला आत सांगून ठेवावं लागतं, ते राहिलं होतं. वायफायचा डबा इन्व्हर्टरवर नव्हता, तोही नंतर घेतला. त्यात विशेष काही नाही, नव्या सुनेसारखं नव्या वस्तूलाही घर कळायला वेळ लागतो.

जाण्याआधी मुलाने आणखी एक केलं. जेवणघरातल्या दिव्याला 'सूर्यास्त' असं लावून दिलं. म्हणजे रोज सूर्य मावळेल त्या मिनिटाला दिवा आपोआप लागणार. आमच्याकडे जूनअखेर सूर्य सातच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरअखेर पावणेसहालाच. तो रोजचा फरक ते यंत्र आपला आपण धरतं. मुलगा आजीला म्हणाला, "आज्जी, आता दिवा लागला की समज दिवस मावळला. आणि दिवा लावायचं पापही तुला नाही. ना तू लावलास, ना आईने."

सासूबाई हसल्या. "तू सांगून ठिवलास न्हवं त्याला? मग तुझं."

तेव्हा आम्ही सगळे हसलो.

पुढे आषाढ आला, श्रावण आला. ह्यावर्षी आभाळ आठ-आठ दिवस उघडत नव्हतं. सूर्य दिसायचाच नाही. सासूबाईंना डोळ्यांनी रेषाही धड दिसेनात. मग नकळत आम्ही त्या दिव्यावर विसंबलो. पूर्वी मी पाचपासून घाई करायची. आता कणीक निवांत मळायला लागले. सासूबाई लगबगीने उठायला लागल्या की मीच म्हणायची, "बसा आत्याबाई, सावकाश जेवा. दिवा कुठे लागलाय अजून?" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! आणि दर वेळी मला वाटायचं, मी त्यांची सेवा करतेय.

दशलक्षण पर्वातली गोष्ट. भाद्रपदातला तो दिवस, किती दिवसांनी आभाळ स्वच्छ झालं होतं. सासूबाई दाराकडे तोंड करून जेवत होत्या. समोरच्या भिंतीवरचं ऊन चढत चढत कौलापर्यंत गेलं आणि विझलं. त्या थबकल्या. हातातला घास ताटात ठेवला. दिवा लागलेला नव्हता.

"बुडाला की गं सूर्य," त्या म्हणाल्या.

"नाही हो, दिवा..."

"दिव्याचं र्‍हाऊ दे. वर गच्चीत जाऊन बघून ये."

मी धावत गच्चीवर गेले. किल्ल्याच्या बाजूचं आभाळ तांबूस होतं, सूर्य नव्हता. मी खाली आले, घड्याळ बघितलं, साडेसहा वाजून गेले होते. आम्ही दोघी त्या बंद दिव्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तो टक् करून लागला.

रात्री मुलाला फोन केला. त्याने मोबाईल उघडून बघितला आणि गप्पच झाला. मग म्हणाला, "आई, खातं मी इथं पुण्यात बसून उघडलं होतं. घराचं ठिकाण पुणंच राहिलं."

म्हणजे बसवकल्याणच्या घरात आम्ही पुण्याच्या सूर्यास्ताला दिवा लावत होतो. शाळेतला भूगोल आठवला. साऱ्या देशाचं घड्याळ एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं. सूर्य मात्र आपापल्या गावाचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. आमचं गाव सत्त्याहत्तर अंशांच्या जवळ, पुणं चौऱ्याहत्तरच्या जवळ. तीन अंश, बारा मिनिटं. आमचा सूर्य पुण्याच्या आधी बारा मिनिटं मावळतो. आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात मळखेड आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्या अमोघवर्षाची ती राजधानी. अशा मुलखात राहून मला तीन गुणिले चार करायला सव्वा महिना लागला.

बारा मिनिटं! कुणाला वाटेल, एवढ्याचं काय? ज्यांना व्रत नाही त्यांना खरंच काही नाही. पण सासूबाई सोळाव्या वर्षी ह्या घरात आल्या तेव्हापासून रात्रीचं जेवल्या नाहीत. बाळंतपणात नाही, तापात नाही, सासरे गेले त्या दिवशी नाही. अडुसष्ट वर्षांचं ते अखंड वस्त्र आणि त्याला भोक पाडलं मी, 'सावकाश जेवा' म्हणत.

मी रडायला लागले. म्हटलं, चूक माझी. मुलगा फोनवर म्हणत होता, चूक माझी. सासूबाईंनी दोघांनाही गप्प केलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "माझं मन ढिलं पडलं. दारातून बघायचं सोडून मी भिंतीवरच्या काचेकडं बघायले."

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हिशेब आहे, पाठशाळेत आपण सगळ्यांनी घोकलेला. संरंभ, समारंभ, आरंभ. ते मनाने, वाणीने, कायेने. कृत, कारित, अनुमत. आणि चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. लहानपणी मला वाटायचं, एवढी बारीक वाटणी कशाला? पाप ते पाप. आता वाटतं, ज्यांनी ही वाटणी केली त्यांना माणसाची युक्ती ठाऊक होती. मी केलं नाही, माणसाने केलं; माणसाने नाही, यंत्राने केलं. यंत्राला काही लागत नाही. ज्याने सांगून ठेवलं ते त्याचं कारित, आणि 'बरं झालं बाई, आपोआप होतंय' म्हणून जी निवांत झाली तिची अनुमोदना. सासूबाई नातवाला हसत हसत म्हणाल्या होत्या तेच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रायश्चित्त म्हणून चतुर्दशीपर्यंत एकाशन धरलं. त्या वयात नको म्हणून ह्यांनी समजावलं, ऐकल्या नाहीत. मीही धरलं. मुलाने पुण्यात रात्रीचं जेवण सोडलं म्हणे, किती दिवस ते मी विचारलं नाही. विचारलं तर त्याला सांगावं लागेल आणि मग ते माझ्यासाठी होईल.

डब्या मी काढल्या नाहीत. पुष्कळ जणींनी सुचवलं, काढून टाक. का काढू? उशाशी असलेल्या बटणामुळे सासूबाई पुन्हा अडखळल्या नाहीत आणि पडवीत कीटकांचा सडा पडत नाही. घराचं ठिकाण आता बसवकल्याण केलंय. जेवणघरातला दिवा सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, एकदा लागून विझतो. ती फक्त मला आठवण, कणीक मळायला घ्यायची. पुढचं काम दिव्याचं नाही.

पुढचं काम उंबऱ्यात होतं. संध्याकाळी सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून दारात येतात. आभाळाकडे तोंड करतात, पण त्यांना आता उजेड तेवढा कळतो. मग त्या तळहात माझ्यासमोर धरतात.

"बघ गं, रेषा दिसतात का?"

मी त्यांचा हात हातात घेऊन बघते.