तीन की सात?

आफ्रिकेला जायचे की नाही, हा प्रश्न आमच्याकडे सुटला होता. उरला एवढाच, की मसाई मारात राहायचे किती दिवस?

मी म्हटले, तीन. सिंह, हत्ती, रानरेडा, गेंडा, बिबळ्या असे पाच प्राणी आणि सकाळ-संध्याकाळ मिळून सहा फेऱ्या. म्हणजे एक फेरी जिराफासाठी शिल्लकच! शिवाय ग्रॅच्युइटी माझी.

सौ. म्हणाली, सात. "सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट येतात, पण नदी कधी ओलांडायची ते त्यांचं तीच ठरवतात. काठावर बसून राहावं लागतं. आणि या गुडघ्यांनी पुन्हा थोडंच जाणं होणार आहे?"

मी गप्प. तिने दुसरा बाण काढला. "अहो, दिंडोशीत आपल्याला किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"बिबळ्या किती वेळा दिसला?"

आमच्या मागे शंभरावर चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. शेजारच्या चित्रनगरीत 2023 साली बिबळ्या एका मराठी मालिकेच्या सेटवर शिरला होता, तोही मानधन न मागता! आमच्या भिंतीवर मात्र तो एकदाच आला. पाणी भरायला उठलेल्या हिने पाहिला. मांजरासारखा पंजा चाटत बसला होता म्हणे. हिने मला हाक मारली. मी "पाच मिनिटं" म्हणून कूस बदलली. तो चार मिनिटांत गेला.

मारा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर. माझ्याच त्रैराशिकाने उत्तर आले साडेचारशे वर्षे. शेवटी सातावर तडजोड झाली.

तेव्हापासून ही रोज पहाटे पाचचा गजर लावते. सराव माझा चालू आहे.