तीस किलोमीटरवरचा वारा आणि ताईचे फुटलेले पाइप

जानेवारी आला की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. उत्तर ध्रुवाचा नकाशा, त्यावर मोठा लाल डाग, आणि खाली ‘आर्क्टिकवर तापमान ५० अंशांनी वाढलं, आता महाथंडी!’ २०२१ च्या जानेवारीत आमच्या घरच्या ग्रुपवर तो मीच टाकला होता. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी त्यातलं खरं काय ते. हिवाळ्यात ध्रुवावर सूर्य उगवत नाही. वरच्या थरात, म्हणजे साधारण १० ते ५० किलोमीटर उंचीवरच्या स्थितांबरात (स्ट्रॅटोस्फिअर म्हणा), हवा भयंकर गार होते आणि तिच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचं एक जोरदार कडं फिरत राहतं. हाच तो ध्रुवीय भोवरा. खालून मात्र त्याला सतत धक्के बसत असतात. हिमालय, तिबेटचं पठार, रॉकी पर्वत, समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक, या सगळ्यांमुळे हवेत हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. त्यातल्या काही वर चढतात आणि किनाऱ्यावर लाट फुटावी तशा तिथे फुटतात. त्या फुटण्याने भोवऱ्याला ब्रेक लागतो. तो डगमगतो, कधी त्याचे दोन तुकडे होतात, आणि ध्रुवावरची हवा खाली दबते. दबलेली हवा तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं ना, तसंच. काही दिवसांत ३०-४० अंश, कधी ५० अंशसुद्धा. आता ‘गरम’ म्हणजे उणे ७० चं उणे २० झालं, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही. तीसेक किलोमीटरवरचा वारा पूर्ण उलटा वाहू लागला, की शास्त्रज्ञ त्याला मोठी घटना मानतात. उत्तर गोलार्धात अशा घटना दहा वर्षांत सरासरी सहा होतात. दक्षिणेकडे लाटा उठवणारे डोंगर आणि जमीन कमी, म्हणून तिकडे इतकी मोठी घटना नोंदली गेली ती एकच, सप्टेंबर २००२ ची. ओझोनच्या छिद्राचेही तेव्हा दोन तुकडे झाले होते.

हे पहिल्यांदा टिपलं १९५२ मध्ये बर्लिनच्या रिचर्ड शेरहाग यांनी. फुग्याला यंत्र बांधून वर सोडायचं आणि आकडे उतरवून घ्यायचे, एवढ्याच साधनावर. असं का होतं याचा सिद्धांत जपानच्या तारो मात्सुनो यांनी मांडला तो १९७१ मध्ये.

जमिनीवर परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि तो दोन महिनेही टिकतो. १२ फेब्रुवारी २०१८ ला वरचा वारा उलटला. महिनाअखेरीला सैबेरियाकडची हवा युरोपवर आली, रोममध्ये बर्फ पडला, ब्रिटनच्या हवामान खात्याने रेड वॉर्निंग दिली आणि १ मार्चला तिथे गॅसच्या तुटवड्याचा इशारा निघाला. हे प्रकरण अगदी पुस्तकात छापावं असं. प्रत्येक वेळी असं होत नाही. वरचा वारा उलटतो आणि खाली विशेष काही घडत नाही, असंही बऱ्याचदा होतं.

आता माझी फजिती. ५ जानेवारी २०२१ ला वारा उलटला. मी ग्रुपवर ज्ञान पाजळलं, ‘फेब्रुवारीत बघा.’ फेब्रुवारीच्या मध्यावर टेक्सास गोठलं. माझी ताई ऑस्टिनला असते. तिच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, मग पाइप फुटले, स्वयंपाकघरात पाणी. मी तिला फोनवर काय म्हणालो असेन? ‘मी म्हटलं होतं ना!’

ती म्हणाली, ‘अरे, तुझं ते आकाश ठेव बाजूला. चौघं एका खोलीत कोट घालून बसलोय, आणि तू मार्क मागतोयस?’

मार्क मिळण्यासारखंही काही नव्हतं. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की टेक्सासची थंडी आणि जानेवारीतली ती घटना यांचा संबंध किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते भोवरा तुटण्यापेक्षा तो लांबट ताणला जाणं तिथे जास्त महत्त्वाचं होतं. म्हणजे उत्तर जुळलं, रीत चुकली. गणिताच्या बाईंनी अर्धेच मार्क दिले असते.

आणि खरं सांगायचं तर वरचा वारा उलटला नसता तरी काही बिघडत नव्हतं. थंडीचा अंदाज कित्येक दिवस आधी आलेलाच होता. गोठल्या त्या गॅसच्या विहिरी, पाइपलाइन आणि वीजकेंद्रांची उपकरणं. तिथल्या काही नेत्यांनी पवनचक्क्यांवर बोट दाखवलं. त्याही गोठल्या होत्या, पण सर्वांत मोठी तूट गॅसची होती. टेक्सासची ग्रीड देशाच्या बाकी ग्रीडपासून जवळजवळ तुटलेली, त्यामुळे शेजारून फारशी वीज घेता येईना. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ती पूर्ण कोसळण्यापासून जेमतेम पाच मिनिटं दूर होती. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. २०११ मध्येही तिथे अशीच थंडी पडून वीज गेली होती, आणि उपकरणं थंडीला टिकतील अशी करा, अशी शिफारस त्यावेळच्या केंद्रीय चौकशीत स्पष्ट लिहिली होती. सक्ती झाली ती २०२१ नंतर.

‘आपल्याकडच्या थंडीचं काय?’ हा प्रश्न दरवेळी येतो. नाशिक, निफाडचा पारा उतरला की तो थेट ध्रुवाला जोडायची घाई नको. पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेतून येणारे गार वारे बहुतेक वेळा पुरेसे असतात. विषुववृत्ताजवळ या घटनेचे धागे आहेत, पण ते खूप वर. ध्रुवावर हवा तापते तेव्हा उष्ण कटिबंधातलं स्थितांबर थोडं गार होतं, आणि त्याहून वरच्या आयनांबरातले विद्युतप्रवाहही बदलतात. स्वेटरशी त्याचा संबंध नाही.

परवा ताईचा फोन आला होता. ‘वरचं काय म्हणतंय रे?’ मी म्हटलं, वारा अजून सरळच आहे. ती म्हणाली, ‘असू दे. मी बाहेरच्या नळांना आईच्या जुन्या गोधड्या गुंडाळून झाल्यात.’