वरण घट्ट करा

आहाराचा सल्ला घ्यायला येणारी निम्मी माणसं खुर्चीत बसायच्या आत अभिमानानं सांगतात, ‘भात सोडला!’ वाटीत वरण किती होतं आणि ते किती पातळ होतं, हे मात्र मलाच विचारावं लागतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सुधारित आहारसूचना काढल्या. दिवसभरातली धान्यांची ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर नको, डाळी-कडधान्यं-मांस यांतून १५ टक्क्यांपर्यंत यावी आणि स्निग्धांश ३० टक्क्यांत राहावा, असं त्यांचं माप आहे. आपलं ताट धान्याकडे झुकतं. पोळी झाली की भात, भातावर पुन्हा ताकभात. तोंडी लावायला बटाट्याची भाजी.

निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत तूरडाळ असते जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीनेक ग्रॅम. तेच ४० ग्रॅम बेसनाचं घट्ट पिठलं घेतलं तर आठ-नऊ ग्रॅम. शिवाय धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, त्यामुळे पिठलं-भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून भाकरी बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. दोनाची दीड करा, आणि मटकीची उसळ वाटीभर घ्या, चमचाभर नको. अंडी, मासे खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

उपवासाबद्दल बोललं की घराघरांतून विरोध होतो, तरी बोलते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटातली. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी बरी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही त्याहून बरं.

तेलाचा हिशेब चमच्यानं कधीच जमत नाही, किराण्याच्या यादीनं जमतो. चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवं. एक ग्रॅम पिष्टातून ४ उष्मांक मिळतात, प्रथिनातूनही ४, पण स्निग्धांशातून ९. फराळाचं ताट इथेच फसवतं: शंकरपाळी, करंजी, चकली म्हणजे पीठ आणि तूप-तेल, पहिल्या दोघींत वर साखर. दिवाळीत खा, जरूर खा. पण फराळ हा नाश्ता धरा आणि त्यानंतरच्या जेवणात भात कमी, उसळ जास्त ठेवा.

मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.