पहिल्या गोळीआधीचं बोलणं

१९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची एचआयव्ही तपासणी झाली. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये लागण निम्म्यापर्यंत पोहोचली होती. पण उरलेल्या ३९१ जणींतही शंभरात जवळपास चौदा पॉझिटिव्ह निघाल्या. यांतल्या बहुसंख्य विवाहित होत्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्या.

‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’ हे भिंतीवरचं वाक्य त्यांनी कधीच पाळलं होतं. त्यांना पोस्टरची नव्हे, समोर बसून ऐकणाऱ्या माणसाची गरज होती.

ते ऐकण्याचं काम पुण्यात ज्यांनी लवकर सुरू केलं, त्यांत ‘प्रयास’ या संस्थेचा आरोग्य गट आहे. डॉ. विनय कुलकर्णी आणि संजीवनी कुलकर्णी यांचं हे काम. संजीवनीताई ‘पालकनीती’ मासिकामुळेही मराठी घरांना परिचित आहेत. बुधवार पेठेत १९९८ पासून ‘सहेली संघ’ उभा आहे. तिथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच एकमेकींना माहिती देतात, तपासणीला सोबत जातात. ‘अगं, मीपण घेते गोळ्या’ असं शेजारणीनं सांगितलं की जे पटतं, ते डॉक्टरांच्या तोंडून पटेलच असं नाही. आधाराच्या कामात माझ्या मते याहून मोठं साधन नाही.

एचआयव्हीला रोखून धरणारी एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न, मूल, नोकरी, सगळं शक्य आहे. तरीही सासरी कळू नये म्हणून बाटलीचं लेबल खरवडणारी सून आहे, आणि पाहुणे आले म्हणून चार दिवस गोळी चुकवणारा मुलगाही. त्या चार दिवसांवरचा इलाज औषधाच्या कपाटात नसतो.

सगळ्यांत अवघड बोलणं मुलांशी. जन्मापासून बाधित असलेलं मूल दहा-बारा वर्षांचं झालं की विचारतं, ‘ताप नाही, खोकला नाही, मग गोळी कशाला?’ उत्तर टाळलं तर ते शाळेतल्या कुजबुजीतून कळतं आणि मूल औषधच सोडतं. म्हणून वयाला झेपेल तेवढंच, पण खरं सांगायचं. आधी ‘रक्तातल्या सैनिकांना मदत’, आजाराचं नाव नंतर. हे एका बैठकीत होत नाही. त्याला महिने लागतात, आणि पालकांची तयारी आधी करून घ्यावी लागते.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीविना तपासणी नाही, परवानगीविना वाच्यता नाही, एचआयव्ही आहे या कारणानं नोकरी किंवा शाळाप्रवेश नाकारता येत नाही. त्यातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते: अशा बाधित कुटुंबात घर सांभाळणारं, पुरेशी समज असलेलं बारा ते अठरा वयाचं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेशासाठी, बँकेत, उपचारासाठी सही करू शकतं.

घरात, शेजारात कुणी एचआयव्हीमुळे असं एकटं पडलं असेल, तर त्याला एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा क्रमांक द्या. हा फोन मोफत आहे.