लेव्हिटटाउन येथील स्वयंपाकघर

न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही वसाहत १९४७ ते १९५१ या अवधींत उभारली गेली. तेथें आमच्या पुतणीचें बिऱ्हाड आहे. स्वयंपाकघरांतील पोलादी कपाटें जुनीं झालेलीं. नवीं घ्यावयास पैसा बेताचा. आम्हीं पाहिलें तों गंज सिंकखालच्या एकाच कपाटास लागलेला; बाकीचीं ठणठणीत! तेवढें एक बदलून उरलेलीं रंगवावींत, असें ठरलें. जुन्या रंगांत शिसें असण्याची भीति, म्हणून घासणें ओलेंच केलें. सुतारास मात्र बजावावें लागलें: या घरांना तळघर नाहीं, ऊन पाण्याच्या तांब्याच्या नळ्या जमिनीच्या काँक्रीटांतच पुरलेल्या आहेत. तेथें खिळा गेला तर वांचविलेला सारा पैसा जमीन उकरण्यांत जावयाचा. अखेर कपाट भिंतींतील लांकडी दांड्यांनाच आवळलें. पुष्कळ घरांतल्या नळ्या आतां निकामी झाल्या आहेत. येथील चालतात, आणि पौषांत पुतणीच्या सासूबाई त्याच उबदार जमिनीवर भाजी निवडीत बसतात.